खळ्यावरचं वारं

वारं सुटलं तेव्हा मुक्ताबाई घराच्या सपाट माळवदावर कुरडया राखत होती आणि मागच्या खळ्यात तिचा शेजारी बाबाजान वावडीवर चढून, भरली पाटी डोक्यावर धरून उभा होता. वावडी म्हणजे तीन पायांचं उंच तिकाटणं. तिच्यावरून मळणी झालेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, वाऱ्यात सोडायचा. दाणा पायाशी पडतो, फोलपट लांब जातं. लांब म्हणजे, नेमकं मुक्ताबाईच्या माळवदावर.

मढीची जत्रा उलटून आठ दिवस झाले होते आणि पाच दिवस तिसगावात पान हललं नव्हतं. चुलींचा धूर घरांवरच बसून राहायचा. बैलगाडी गेली की धुरळा अर्धा तास रस्ता सोडायचा नाही. सगळं गाव शिंकत होतं, खळी अडली होती. खूश होती ती एकटी मुक्ताबाई. असल्या हवेत कुरडई किती स्वच्छ वाळते!

"आक्का, वारं आलं!" बाबाजान खालून ओरडला.

"दिसतंय मला. पदर उडतोय माझा."

"मग?"

"मग काय? काल शब्द दिलाय तुमी. कुरडया निघंपर्यंत पाटी सोडनार न्हाई म्हनून."

"दिलाय की. म्हनून तर हुबा हाय हितं, बुजगावन्यावानी."

मुक्ताबाईच्या लेकीचं, चांगुणाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काष्टीच्या विहीणबाई, लंकाबाई, आजच चारच्या एसटीनं रुखवतावर नजर टाकायला यायच्या होत्या. सुपारी फुटली त्या दिवशी या बाईंनी पानातला पापड उजेडात धरून पाहिला होता. तेव्हापासून मुक्ताबाईला धड झोप नव्हती. गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, चीक चारदा गाळला. दोनशे कुरडया, दुधासारख्या. अजून ओलसर होत्या, धोतराला चिकटलेल्या. ओढली की तुटणार.

"आये, झाकून टाकू का?" चांगुणानं विचारलं.

"झाक. मग चिकटलेलं कापडच मांड रुखवतात."

पलीकडं रंगनाथच्या खळ्यातून पिवळा ढग उठला. मग सहादेवच्या. पाच दिवस रुसलेलं वारं सगळं गाव दोन्ही हातांनी लुटत होतं. बाबाजानच्या पाटीतून मात्र एक दाणा पडला नाही. त्याची बायको शरिफा दुसरी पाटी भरून खाली तयार होती.

"वारं गेल्यावर काय करायचं? मी फुकू का तोंडानं?" ती म्हणाली.

"शब्द दिलाय," बाबाजान म्हणाला.

डोंगरामागून काळ्या पोटाचा ढग वर येत होता. मुक्ताबाईनं ढगाकडं पाहिलं. फार तर तासभर. मग पाऊस, नाहीतर गारा, आणि उघड्यावरचा वर्षाचा शाळू काळा. तिनं कुरडयांकडं पाहिलं. मग बाबाजानकडं. भरली पाटी त्यानं अजून डोक्यावरच धरली होती. तिला घाई होऊ नये म्हणून तो वर बघतसुद्धा नव्हता.

"भाऊ, सोडा ती पाटी!"

"आन् कुरडया?"

"मी बघते कुरडयांचं. सोडा म्हनलं ना!"

"आक्का, पोरीच्या सासरचा सवाल हाय."

"आन् तुमी काय वरीसभर धुरळा खानार व्हय? सोडा!"

पाटी सुटली. दाणे खाली पडले आणि फोलपट उन्हात चमकत वर आलं. पहिलं कोपऱ्यातल्या कुरडईवर बसलं. मग मोजायची सोय राहिली नाही. चांगुणा एकेक वेचायला लागली.

"वेच बाई, लग्नापर्यंत वेच," म्हणत मुक्ताबाई जिना उतरली, खळ्याच्या कडेला वहाणा काढल्या आणि नाकावर पदर बांधून शरिफाबरोबर पाट्या द्यायला उभी राहिली.

तासाभरात सगळी रास उपणून झाली. ढगानं तोवर जरा विचार केला आणि एक थेंबही न सांडता तो पाथर्डीकडं निघून गेला. बाबाजान वावडीवरून त्याच्याकडं बघत राहिला.

"आक्का, उगंच गेल्या की वो तुमच्या कुरडया."

मुक्ताबाई हसायला लागली, तेवढ्यात तिला शिंक आली. एक झाली, दुसरी झाली. तिसरीच्या वेळी खळ्याच्या कडेला एक धिप्पाड बाई पिशवी घेऊन उभी होती.

"ए बाई, मुक्ताबाईचं घर कोन्चं गं?"

मुक्ताबाईच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. तिनं पदर नाकाखाली घेतला.

"या विहीनबाई. मीच ती."

लंकाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्या तिच्यामागून माळवदावर गेल्या. बाबाजान जिन्याशी येऊन अवघडून उभा राहिला.

"विहीनबाई, चूक माझी हाय! त्यांची न्हाई!"

लंकाबाईंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या कुरडयांपाशी बसल्या. एक सोडवली, उजेडात धरली, मोडली, ओलसरच तोंडात टाकली. चांगुणानं डोळे मिटून घेतले. लंकाबाई चावता चावता थांबल्या. जिभेवरून फोलपट काढून त्यांनी ते दोन बोटांत धरलं. मग मान लांब करून खालची रास पाहिली.

"कोनाची ही?"

"शेजाऱ्याची."

"आन् पाट्या तू देत हुतीस?"

"व्हय."

लंकाबाईंनी बोटांतलं फोलपट वाऱ्यावर सोडलं. ते कुठवर जातंय ते बघत राहिल्या.

"लई हलकं हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजी शाळू भरलाय औंदा." मग त्यांनी दुसरी कुरडई मोडली आणि अर्धी चांगुणापुढं धरली.