ऐकलेला आवाज

परदेशातल्या आमच्या तळावर रविवारी दुपारी जवानांनीच बसवलेला करमणुकीचा कार्यक्रम होता. जेवणाची टेबलं जोडून रंगमंच केला होता, चादरी शिवून पडदा. तो ओढायचं काम माझ्याकडे होतं.

माझ्या खोलीतला नकल्या सगळ्यांचे आवाज काढत होता. आधी साहेबांचा, मग आचाऱ्याचा, मग माझा. मी बोलण्याआधी दोनदा खाकरतो, तेही त्याने सोडलं नाही. लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

मग त्याने मूठ फोनसारखी कानाला लावली आणि बाईच्या आवाजात म्हणाला, "कोणी नाहीऽ हो, राँग नंबर आहे."

माझ्या हातातली दोरी सुटली. आवाज माझ्या बायकोचा होता. 'नाही' लांबवायची खोडसुद्धा तिचीच.

पडद्यामागे मी त्याला गाठलं. घरचं सगळं मी याला विश्वासाने सांगत आलो होतो, पण आवाज कोणी सांगू शकत नाही.

"तिला कुठे ऐकलंस?"

"चौदा महिने तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपतोय. मी कुठे ऐकणार?" तो तोंडाचा रंग पुसत राहिला. माझ्याकडे मात्र बघेना.

त्याच्यासमोरच मी घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"मी बोलतोय," मी म्हणालो.

तिच्या मागे कोणीतरी दोनदा खाकरलं आणि माझ्या आवाजात विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाहीऽ हो," बायको म्हणाली, "राँग नंबर आहे."