दहावीला कुलपात गेलेला व्हिडिओ गेम

लहानपणीच्या व्हिडिओ गेमवर चालेल असा रंग-संगीताचा तीन मिनिटांचा डेमो पंकजाने एका स्पर्धेसाठी आठ महिने खपून कॅसेटमध्ये भरला होता. स्पर्धेचे परीक्षक ऑनलाइन ताटकळले होते आणि जामखेडच्या घरातला टीव्ही काळाच. तिने कॅसेट काढली, फुंकली, पुन्हा बसवली. तरी काळाच. डेमो सुरू करायला शेवटची दोन मिनिटं उरली.

"तुझ्या दहावीला हे डबडं मी कपाटात कोंडलं हुतं, ते उगंच न्हाई," पुटपुटत आई उठली. तिने कॅसेट हिसकावली, डाव्या कोपऱ्यात फुंकर मारली, जरा तिरकी घातली आणि अंगठ्याने दाबली. पडदा रंगांनी उजळला.

"आई, तुला कसं जमलं?"



"वर्षभर कपाटाची चावी माझ्याकडंच हुती की."