पोई पुढे, उंडो मागे

"पोई!"

गौरेश ओरडला आणि त्याने चेंडू डोक्यावरून फेकला. चेंडू रांगेतल्या पुढच्या गड्याकडे निघाला. तिथे दोन हात आधीच पोचले होते.

शंभूचे.

पुन्हा.

पोई म्हणजे पुढे. उंडो म्हणजे मागे. रग्बीत चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ शेजारी शेजारी रांगा लावतात. फेकणारा रांगांमधल्या फटीत चेंडू टाकतो. तो कुठे येणार हे त्याच्याच संघाला ठाऊक असते. त्यासाठी खुणेचे शब्द. भारताच्या संघाला हे दोन शब्द गौरेशनेच दिले होते. शिबिरात सगळे हसले होते. गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावांची नावे आशियात कोणाला कळणार?

एकाला. गौरेशच्या थोरल्या भावाला. शंभू दुबईला नोकरीला गेला, तिथेच खेळू लागला, आणि आज अमिरातीची जर्सी घालून गोव्यातच, मोप्याच्या विमानतळाशेजारच्या सड्यावर उभा होता. जिंकेल तो संघ आशियाच्या वरच्या गटात जाणार होता. हरेल तो इथेच राहणार होता.

कप्तान संतोष कोल्हापूरचा. त्याने गौरेशची कॉलर धरून त्याला जवळ ओढले.

"काल दोघं घरला जेवाय गेलावता न्हवं?"

"हो."

"भावाला सांगितलंस?"

"नाही. आईशपथ."

"आई दोघांची एकच हाय. दुसरी शपथ घे."

काल कोरगावच्या घरात खेळाविषयी कोणी बोललेच नव्हते. शंभू पोई मोडून शाकुतीच्या रश्श्यात बुडवत राहिला होता आणि आई दोघांच्या ताटांकडे बघत राहिली होती. एवढेच. पण हे इथे कोणाला सांगणार?

"पावबिव बंद," संतोष सगळ्यांना म्हणाला. "तांबडा पुढं, पांढरा मागं. बघू त्याला रस्सा कळतोय का."

*

"पांढरा!"

गौरेशने दात आवळले आणि पूर्ण ताकदीने चेंडू मागे फेकला. शंभूही मागेच उडाला. त्याच्या बोटांनी चेंडू असा उचलला, जसा काही तो त्याच्यासाठीच फेकला होता.

शब्द आत्ताच ठरला होता. मैदानातच. तो कोणी कोणाला सांगायला वेळच नव्हता.

संतोष धावता धावता थांबला.

"आता काय, डोळ्यांनं सांगतोस व्हय रं?"

*

भोंगा वाजला. वेळ संपली. भारत चार गुणांनी मागे.

पण त्याच क्षणी भारताला पेनल्टी मिळाली. चेंडू कोपऱ्यात मारून बाहेर घालवला की एक शेवटची फेक. गोलरेषा समोरच. चेंडू हाती आला आणि रेषेपार टेकवला तर पाच गुण. नाही आला तर सगळे संपले.

बाकावरून विठ्ठल उठला. राखीव फेकणारा. बुटाची नाडी आवळत तो प्रशिक्षकांकडे बघू लागला.

"ऱ्हाऊ दे," संतोष ओरडला. "शेवटची त्यालाच टाकू दे." मग गौरेशच्या कानाशी, "शब्दच नको. कायबी ओरडू नगस. गप पुढं टाक. आणि हेबी त्याला घावलं, तर आमच्या बसमध्ये चढू नगस."

गौरेशने तोंडातला दातांचा रबर काढून मोज्यात खोचला. फेकण्यापूर्वी तो नेहमी काढायचा. चेंडू डोक्यावर उचलला. समोर दोन रांगा. एका रांगेत शंभू. तो चेंडूकडे बघत नव्हता. गौरेशच्या तोंडाकडे बघत होता.

कोपऱ्यातल्या झेंड्याशी, दोरीपलीकडे, दोघांची आई सुमंगला बसली होती. मांडीवर पोयांची पिशवी. सामनाभर तिने कोणासाठीच टाळी वाजवली नव्हती.

धावपट्टीवरून एक विमान उठून गेले. मागे नुसता वारा राहिला.

"गौरेशाऽऽ! जीब भितर घाल रे! चाबतली!"

आईच्या हाकेने सगळा कोपरा हसला. पंचसुद्धा हसला.

गौरेशच्या जिभेच्या टोकाला वारा लागला. जीभ बाहेर होती. डाव्या कोपऱ्यातून, चांगली बोटभर.

काजूच्या झाडाखालचे दिवस. गौरेश दगड मारायचा, शंभू खाली उभा राहून बोंडू झेलायचा. लांबच्या फांदीला गौरेश दात आवळायचा. जवळच्या फांदीला बेताने मारायचे, तेव्हा जीभ बाहेर. आई घरातून ओरडायची. आणि शंभू वर झाडाकडे कधी बघायचाच नाही. भावाच्या तोंडाकडे बघायचा, आणि बोंडू पडायचा तिथे त्याची ओंजळ असायची.

पोई नाही. उंडो नाही. पांढराही नाही.

गौरेशने जीभ आत घेतली. दात आवळले. मान ताठ केली. लांब फेकताना करायचा तसेच सगळे.

आणि चेंडू पुढे टाकला. अगदी बेताने.

शंभू मागे सरकला होता. मागेच उडाला. रिकाम्या हवेत.

पुढे चेंडू संतोषच्या हातात आला. संघ त्याला बिलगला, आणि सगळे मिळून ढकलत, घसरत रेषेपार जाऊन कोसळले. पंचाचा हात वर गेला.

ढिगाऱ्यातून संतोषने गौरेशला बाहेर ओढले. "चुकलं लेका माझं. बसमध्ये खिडकी तुझी." कोणीतरी त्याला खांद्यावर घेतले. शंभूला फसवले होते. जन्मात पहिल्यांदा. गौरेश हसत होता.

वरून सगळे मैदान दिसत होते. कोपऱ्यातून आई उठली होती आणि पिशवी झटकत होती.

आईची हाक मैदानभर गेली होती.

गौरेशचे हसू थांबले. जीभ बाहेर होती, ती शंभूने पाहिली होती. मग हाक आली. तीही त्याने ऐकली. मग जीभ आत गेली. तेही त्याच्या समोरच. आणि तरी तो मागे उडाला होता.

"खाली उतरवा," गौरेश म्हणाला. कोणी ऐकले नाही.

पलीकडे अमिरातीचा कप्तान शंभूची कॉलर धरून काहीतरी विचारत होता. इथवर शब्द पोचत नव्हते. पण प्रश्न गौरेशला पाठ होता.