दुसरी खुर्ची

"दुसऱ्या पक्षाचं एक माणूस द्या, नाहीतर तुमचं मतदान केंद्र बंद," निवडणूक कचेरीतून आलेली टॅमी म्हणाली. तिनं अजून कोटही काढला नव्हता.

बेकर्स बेंड गावच्या सभागृहात जमलेले सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

नियम जुना आहे. मतदानाच्या टेबलाशी दोन खुर्च्या, प्रत्येक पक्षाचा एकेक माणूस. माणूस सांगेल तो पक्ष कचेरीत त्याच्या नावापुढे लिहितात; मत मात्र गुप्तच राहतं. शेवटी पेटीला दोघांनी सील लावायचं आणि एकाच गाडीत बसून ती तीस मैलांवरच्या कचेरीत पोचवायची. त्या दोघांचा एकमेकांवर विश्वास नसतो, म्हणून बाकीच्यांचा पेटीवर असतो. पक्षांची नावं मी सांगत नाही. नावांची अदलाबदल केली तरी हीच गोष्ट शेजारच्या राज्यात जशीच्या तशी घडेल.

एक खुर्ची लायल हॉफरची. सगळ्या गावाचा जो पक्ष, तोच त्याचा, आणि तोंडाला कुलूप नाही. दुसरी डोरीन पेकची. सोळा वर्षं दोघं शेजारी बसून भांडले. ती अंड्याची सँडविचेस करून आणायची आणि तो ती खात खात तिच्या पक्षाचा उद्धार करायचा. "आधी गिळ, मग बोंबल," ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात कोणीतरी तिच्या टपालपेटीवर गोळ्या झाडल्या. तिनं नवी लावली, तिचीही चाळण झाली. नंतर एक गोळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली, तेव्हा डोरीन लेकीकडे ओमाहाला निघून गेली. हे कोणाचं काम, ते सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. एरवी एवढा बडबड्या लायल, तोही गप्प बसला. त्याची त्याला लाज वाटत होती.

शाळा आधीच गेली होती. किराणा दुकान गेलं, पोस्ट गेलं. आता मत द्यायलाही तीस मैल जायचं म्हटल्यावर नोव्हेंबरच्या बर्फात म्हातारीकोतारी कशाला बाहेर पडतील? मतदान संपलं की गावही संपलंच.

लायल उठला. "गेल्या वेळी त्या पक्षाला इथं सात मतं पडली. एक डोरीनचं. बाकीच्या सहा जणांनो, करा की हात वर! कोणी खात नाही तुम्हाला."

एकही हात हलला नाही. टपालपेटी प्रत्येकाच्याच दारात होती.

"मग माझं नाव लिही," लायल टॅमीला म्हणाला. "आजपासून मी त्यांचा. माझ्या खुर्चीला इथं पन्नास जण मिळतील."

आधी लोक हसले. मग तो थट्टा करत नाही हे लक्षात आलं आणि हसू विरलं.

"डोकं फिरलंय काय तुझं?" त्याचा चुलतभाऊ रॉय ओरडला. "बापाचं नाव बुडवलंस की रे!"

"मत कुणाला देतो ते मी आणि पडदा बघून घेऊ. खुर्ची रिकामी राहणार नाही."

रॉय त्याच्या शेजारून उठला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. दोघं लहानपणापासून एकत्र शिकारीला जात.

रविवारी लायल ओमाहाला गेला. डोरीननं त्याच्यापुढे सँडविच ठेवलं. त्यानं झालं ते सगळं सांगितलं, थोडं लाजत, थोडं मिरवत, आणि शाबासकीची वाट बघत बसला. डोरीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणारा ओटो लिंड वारला ना, तेव्हा टॅमीच्या आधीची बाई असंच कोट न काढता बोलली होती. मीही म्हटलं, जाऊ दे, एका निवडणुकीपुरतं."

लायलचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे तू..."

"मी तुमच्यातलीच रे. दर वेळी तुमच्याच माणसाला मत दिलंय."

"मग ती सात मतं?"

"त्यात माझं कधीच नव्हतं. सातही जण तिथेच आहेत, रोज तुझ्याबरोबर कॉफी पितात."

"अगं, मग गोळ्या झाडल्या तेव्हा बोलायचं होतंस! एका वाक्यात सुटली असतीस."

"मी सुटले असते. खुर्चीवर मग कोणाचा विश्वास राहिला असता?"

डोरीननं त्याच्या ताटलीत आणखी एक सँडविच वाढलं.

"एक सांगते," ती म्हणाली. "टपालपेटी स्वस्तातली घे. महागडीलाही तेवढीच भोकं पडतात."