खंडेनवमीचं कुंकू

शहागंजातल्या सांस्कृतिक मंडळात दर रविवारी मुलं सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघायची आणि दिसेल त्याचं चित्र काढायची. भिंतीवर अकरा वर्षांची बक्षिसाची चित्रं टांगलेली, सगळी लालभडक. नवीन शिकवायला आलेल्या सुरेखानं पहिल्याच रविवारी भिंगावरचं, दर खंडेनवमीला पूजेत चढलेलं कुंकू स्पिरिटनं पुसून काढलं. मुलांनी मग विटांच्या भिंतीसारख्या फिकट पेशी काढल्या.

ते कागद बघून मंडळाचे चिटणीस इंद्रजीतराव खवळले. "हे काय काढलंय? भिंतीकडं बघा जरा, साल कशी असती ते!"

"ते लाल म्हणजे कुंकू होतं, साहेब," सुरेखा म्हणाली.

"अकरा वर्षं परीक्षक मी हाय. मी काय आंधळा व्हय?"

"तुम्हीच बघा की."

इंद्रजीतरावांनी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. सुरेखाला वाटलं, आता मान्य करतील.

ते उठले, गणपतीपुढचा करंडा आणला आणि कुंकवाचं बोट भिंगावर दाबून फिरवलं.

"यंत्राचं कपाळ उघडं ठेवत नसतात, बाई," म्हणाले, आणि पोरांकडं वळले. "हं, आता काढा नीट."