सातावरून खाली

सात

भिंतीवर पहिला ठोका पडला तेव्हा आवाजाचं बटण सातावर होतं.

शिवयोगीनं तबकडीवरची सुई उचलली नाही. तो भिंतीकडं बघत राहिला. आणखी दोन ठोके पडले. काठीचे. पलीकडं भिंतीला लागून शेजारच्या सुंदरम्माची खाट होती. संक्रांतीला ती न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवरच.

"म्हातारीला पटलेलं दिसत नाही," तो म्हणाला.

"तिला काय पटतं?" काशम्मा शेंगा फोडत म्हणाली.

नळावरच्या भांडणाला चार वर्षं झाली होती. सुंदरम्मानं त्याची भरली घागर उपडी केली, त्यानं तिला अख्ख्या रांगेपुढं नको ते सुनावलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं.

शिवयोगी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात वायरमन. दीड वर्ष खपून त्यानं हा संच उभा केला होता. अॅम्प्लिफायर घरी जोडलेला, स्पीकर बंद पडलेल्या तंबू-थेटराचे, खोकी सागवानी आणि आत ठासलेला गिरणीतला टाकाऊ कापूस. बटणाभोवतीचे शून्य ते दहा आकडे त्यानं काडीच्या टोकानं पांढऱ्या रंगात काढले होते. संध्याकाळी साडेसहाला दोघं नवरा-बायको दोन स्पीकरांच्या बरोबर समोर चटईवर बसत. पहिल्या दिवशी काशम्मा म्हणाली होती, "कुणीतरी खोलीत बसून गातंय की." त्या एका वाक्यात त्याचं दीड वर्ष वसूल झालं होतं.

त्यानं बटण खाली आणलं.

पाच

ठोके थांबायचे सोडून वाढले.

शिवयोगीनं कन्नड वचनांची तबकडी लावली. तबकडी संपली तशी काठी पुन्हा आपटली. सलग चार वेळा.

"देवाचं लावलं तरी ठोकते," तो म्हणाला.

"काठीला कुठला देव." काशम्मानं हातावरची सालं झटकली. "अहो, एकदा जाऊन बघून येऊ का तिला? पडल्यापासून आपण उंबरा चढलो नाही."

"आधी तिनं बोलावं."

"बोलतेय की. काठीनं."

तीन

तिनावर गाणारा खोलीतून उठून गल्लीच्या टोकाला जाऊन बसल्यासारखा वाटायचा. तबला तर नुसता उंदीर कुरतडत असल्यासारखा. आणि पलीकडून काठी अशी बसायची की भिंतीचे पोपडे तबकडीवर पडत. शिवयोगी ते मऊ फडक्यानं टिपून घ्यायचा.

त्याला राग आला नाही, लाज वाटली. मोडल्या हाडाच्या बाईला छळतो, असं पेठेत पसरलं तर? माफी मागायला जीभ उचलत नव्हती. पण आवाज बंद करणं हातात होतं. त्यानं कुर्डुवाडीला आपल्या मित्राला, संगप्पाला पत्र टाकलं. संगप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात होता, भंगाराच्या लिलावात काय काय निघतं ते त्याला ठाऊक.

शून्य

पंधरा दिवसांनी हेडफोन आले. काळे, जडशीळ, कुण्या तारमास्तराच्या कानावरून उतरलेले. शिवयोगीनं आतले पडदे बदलले, वेगळी वायर ओढली. काशम्मानं जुन्या चादरीच्या तुकड्यांच्या गाद्या शिवून दिल्या. स्पीकरांचं बटण शून्यावर गेलं.

आणि शिवयोगी सुखाच्या डोहात उतरला. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. तानपुऱ्याची एकेक तार वेगळी. तबलजीनं बोट तबल्याच्या कडेला, चाटेवर सरकवलं तेसुद्धा. तो डोळे मिटून मान हलवायचा.

समोर काशम्मा शेंगा फोडत बसायची. "आता काय चाललंय?" तिनं एकदा विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही.

मग त्यानं हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि तिच्या तोंडाकडं बघत बसला. थोड्या वेळानं तिनं ते काढून परत दिले.

"गोड आहे. पण पंगतीत एकट्यानंच जेवल्यासारखं वाटतं."

"वादापेक्षा बरं की."

"वाद कुठं मिटलाय? तुम्ही कान झाकून बसता, ती ठोकतच असते."

"ऐकू काहीच जात नाही, मग कशाला ठोकते?"

"ते मला काय ठाऊक."

तिसऱ्या संध्याकाळी तो तबकडी बदलत असताना पलीकडून एकच ठोका आला, कडाडून. त्यानंतर काही नाही.

"थकली," शिवयोगी म्हणाला.

शून्यच

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. सहाव्या दिवशी त्यानं गाणं अर्ध्यात सोडलं, हेडफोन काढले आणि भिंतीला कान लावला. पलीकडं कण्हणं नाही, खोकला नाही.

"काल त्यांच्या दारात डॉक्टरची सायकल होती," काशम्मा हळूच म्हणाली. "मी म्हणत होते, जाऊन येऊ."

"उद्या जाऊ. नक्की. मीच बोलेन आधी."

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले तरी त्यानं संच सुरू केला नाही. धुतलेला सदरा घातला. काशम्मानं केळी पिशवीत भरली. दोघं निघणार इतक्यात दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं.

सुंदरम्माची सून, ईरम्मा. चार वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर पदर, नजर खाली.

"अण्णा," ती म्हणाली आणि अडखळली. "सासूबाई..."

काशम्मानं हातातली पिशवी खाली ठेवली. शिवयोगीनं दाराची चौकट धरली.

"कधी?" त्यानं विचारलं. "आम्ही आत्ताच निघालो होतो, बाई. खरंच निघालो होतो."

ईरम्माला ते कळलं नसावं. तिनं पदराखालून हात बाहेर काढला. हातात वेताच्या काठीचे दोन तुकडे होते.

"काठी मोडली, अण्णा. सासूबाई विचारतात, आवाज वाढवा म्हणून आता कशानं सांगायचं?"