नदीचा कुठला काठ

"आधी वास, मग पूल," पर्व्हिसकाका म्हणाले. "उलटं सांगू नकोस."

"आधी पूल," ट्वायमन म्हणाला. "चाकांखाली पुलाची लोखंडी जाळी घुमायला लागली. घुमायची थांबली. मग वास आला. मग ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि माझा डोळा गेला."

"पोरा, त्या कारखान्यात मी सहा वर्षं आतडी ओढलीत. उत्तरेकडून येताना तो पुलाच्या अलीकडं लागतो. माझं घर फाटकासमोर होतं. तू मला सांगणार?"

तुरुंगात नकाशा बाळगायला बंदी आहे. नकाशा म्हणजे पळायची तयारी, असं नियमच सांगतो. म्हणून बराकीतल्या टेबलावर त्यांनी डॉमिनोचे ठोकळे मांडले होते. आडवी वाकडी रांग म्हणजे नदी. तिच्यावर उभा ठेवलेला सहा-सहा म्हणजे पूल. आणि एक कोरा, बिनठिपक्यांचा ठोकळा म्हणजे कोंबड्यांची पिसं आणि आतडी उकळायचा कारखाना. नदीच्या उत्तरेला एक फेडरल कोर्ट, दक्षिणेला दुसरं. कोरा ठोकळा उत्तरेला ठेवला होता. तो काकांनीच ठेवला होता.

कैद्यांच्या गाडीत गेलेल्या डोळ्यासाठी ट्वायमननं पहिला दावा केला तो हा तुरुंग ज्या कोर्टाखाली येतो तिथं. न्यायाधीशानं चौदा महिने घेतले आणि दोन ओळींत परत पाठवला. तू आता कुठं कोंडलेला आहेस ते महत्त्वाचं नाही, घडलं कुठं ते सांग आणि तिथल्या कोर्टात जा. घडलं कुठं! माणसाचे हात पाठीमागं जखडायचे, सीटला बांधायला पट्टा द्यायचा नाही, गाडीच्या खिडक्यांना पत्रा ठोकायचा, आणि वर विचारायचं, कुठं? गाडीवाल्यांच्या वहीत नेमकं त्याच दिवसाचं पान नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

"वाद नंतर घाला," एझेल म्हणाला. कायद्याची पुस्तकं वाचून वाचून तो बराकीचा वकील झाला होता. त्यानं लिहिलेले दावे फेटाळले जात, तरी लोक त्याच्याकडंच येत. "दावा करायची दोन वर्षांची मुदत परवा भरते. उद्या डाक घेत नाहीत. आज चारच्या आत लिफाफा साहेबाच्या हातात पडला नाही, तर डोळा फुकट गेला समज."

"दोन्ही कोर्टांत टाकला तर?"

"खाली शपथ आहे, शहाण्या. एकाच डोळ्याची दोन ठिकाणं शपथेवर सांगितलीस, तर उरलेल्या डोळ्यानं आणखी पाच वर्षं भिंत बघशील."

ट्वायमन उठला. भिंतीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. जाळी, मग वास. की वास, मग जाळी? डोकं बाकाच्या बोल्टवर आपटलं होतं. तीन तास रक्त गिळत तो पडून होता. अशा डोक्याचा काय भरवसा? काका तिथले. काकांचं नाक तिथलं.

"डोक्याला मार बसला की माणूस पुढचं मागं करतो," काका आता मऊ आवाजात म्हणाले. "माझा भाऊ असाच झाला होता."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"लिही," ट्वायमन म्हणाला. "उत्तरेचं कोर्ट."

एझेलनं पेन उचललं, आणि पहारेकरी स्ट्रिकलंड टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सहाला तीन कधीपासून लागायला लागला?"

डॉमिनोत ठिपक्याला ठिपका जुळावा लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या रांगेत एकही जोड जुळत नव्हती.

"काकांच्या गावचा खेळ आहे, साहेब," एझेल म्हणाला. "नियम त्यांनाच ठाऊक."

"कुठलं गाव?"

"हॅर्लो," काकांच्या तोंडून निघून गेलं.

स्ट्रिकलंड वाकला. रांगेचं वळण बघितलं, पूल बघितला. नकाशाबद्दल तिघांना महिनाभर एकांत कोठडीत टाकायचा त्याला अधिकार होता. स्ट्रिकलंडनं कोऱ्या ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"हा काय? कोंबड्यांचा?"

त्यानं ठोकळा बोटानं सरकवत नदी ओलांडली आणि दक्षिणेच्या काठावर आणून ठेवला. "पुरानंतर हलवला तो. सात वर्षं झाली. माझी सासू अजून खिडक्या उघडत नाही." मग तो ताठ झाला आणि त्याचा नेहमीचा आवाज परत आला. "हा खेळ मला परत दिसता कामा नये. डाक दहा मिनिटांत."

"साहेब," काकांनी विचारलं, "मग आता त्या जुन्या जागेवर काय आहे?"

"गवत."

"आणि फाटकासमोर?"

"तिथंही गवत, म्हाताऱ्या," स्ट्रिकलंड म्हणाला आणि निघून गेला.

एझेल कुजबुजला, "त्याच्यावर विश्वास ठेवतोस? वर्दीवर?"

"वर्दी गेली खड्ड्यात. आधी पूल, मग वास. मी पहिल्यापासून हेच बोंबलतोय." ट्वायमननं पेन हिसकावून घेतलं. दक्षिण, त्यानं स्वतः लिहिलं. एक डोळा कागदाला लावून, इतकं दाबून की खालच्या पानावरही अक्षरं उठली. शपथेखाली सही केली. लिफाफा चाटून बंद केला.

मान वर केली तेव्हा एझेल पुलाचा ठोकळा डब्यात टाकत होता. काकांनी नदी तशीच ठेवली होती. त्यांनी कोरा ठोकळा उचलला, पुसला, आणि परत उत्तरेच्या काठावर ठेवला.